पेन्सिलीनं घडवलेलं रॉक : लिंक रेच्या गिटारच्या चटपटीत गोष्टी

पवनीत वरात निघाली की धुमालवाले कॅसिओचा आवाज भोंग्यातून असा चढवतात की सूर फाटून अंगावर येतो आणि पोरांचे पाय आपोआप थिरकतात. अशा फाटलेल्या आवाजाची गोडी रॉकला लावणाऱ्यांत एक मोठं नाव आहे अमेरिकन गिटारवादक लिंक रे याचं. जन्म २ मे १९२९, मृत्यू ५ नोव्हेंबर २००५. रॉकच्या पंक आणि मेटल या दोन्ही शाखांच्या मुळाशी त्याचं नाव निघतं.

एकच फुफ्फुस
सैन्यात असताना लिंकला क्षयरोग झाला आणि एक फुफ्फुस काढावं लागलं. आता गाणं जमायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग त्यानं सगळा जीव गिटारमध्ये ओतला. पुढे तो गायलाही!

नाचाच्या फर्माइशीतून धून
व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या एका नाचाच्या कार्यक्रमात ‘स्ट्रोल’ नावाच्या नाचासाठी ठेक्याची फर्माईश आली. धून येत नव्हती, म्हणून लिंकनं उभ्या उभ्या नवीच रचली. लोकांनी ती पुन्हा पुन्हा वाजवायला लावली. तीच ‘रंबल’, १९५८ मध्ये रेकॉर्डवर आली.

पेन्सिलीची कमाल
स्टुडिओत मात्र आवाज फारच साफसूफ यायला लागला. लिंकनं पेन्सिल घेतली आणि अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला सरळ भोकं पाडली. हवी ती खरखर मिळाली! त्याआधी १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ गाण्यातही असा आवाज होता, पण तो प्रवासात बिघडलेल्या अॅम्प्लिफायरमुळे. लिंकनं तो मुद्दाम घडवला.

फाटतं म्हणजे काय होतं?
अॅम्प्लिफायर किंवा स्पीकरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात. त्यातून मूळ सुरात नसलेले नवे वरचे सूर तयार होतात. वरातीच्या भोंग्यातही हेच घडतं.

सा आणि प
मेटल आणि पंकचा कणा म्हणजे ‘पॉवर कॉर्ड’. ती रॉकमध्ये रुजवण्याचं श्रेय लिंकला दिलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसते सा आणि प, तंबोऱ्यातली हक्काची जोडी. आवाज फाडल्यावर गंधार मिसळला तर सगळं गढूळ होतं. सा-प मात्र खणखणीत राहतात.

शब्द नाहीत, तरी बंदी
‘रंबल’मध्ये गाण्याचा एक शब्द नाही. तरीही अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायला नकार दिला. नावाचा अर्थ टोळ्यांची मारामारी, त्यामुळे पोरं भडकतील अशी धास्ती. बंदी असूनही धून बिलबोर्डच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत चढली.

चेले कोण कोण?
‘द हू’चा पीट टाउनशेंड, ‘लेड झेपेलिन’चा जिमी पेज आणि पंकचा पूर्वज मानला जाणारा इगी पॉप, तिघांनीही ‘रंबल’चं ऋण मानलं आहे.

धागा थेट मुंबईत
हाच पेज १९७२ मध्ये आपल्या बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याच्यासह मुंबईत आला. इथल्या वादकांना घेऊन दोघांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबमध्ये ते वाजवूनही गेले.

‘द पोलीस’ ते ‘आयर्न मेडन’
लंडनच्या पंक लाटेतून वर आलेला ‘द पोलीस’ हा बँड १९८० मध्ये मुंबईत वाजला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’नं देशी बँडना मंच दिला. १ फेब्रुवारी २००८ ला ‘आयर्न मेडन’ या मेटल बँडनं आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईतच फोडला.

उशिरा का होईना
१९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ चित्रपटानं ‘रंबल’ नव्या पिढीच्या कानावर घातली. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं लिंकला मान दिला तो २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. हा मान त्याला जिवंतपणी मिळायला हवा होता.

आज काय ऐकाल?
आधी ‘रंबल’, जेमतेम अडीच मिनिटांची. मग लेड झेपेलिनचं ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’, मग इगी पॉपच्या ‘द स्टूजेस’चा १९६९ चा पहिला अल्बम. घरी साधी गिटार आणि जुना स्पीकर असेल, तर सा-प धरा आणि वाजवून बघा. लिंककडेही सुरुवातीला याहून फार काही नव्हतं.