काळोख-उजेडाचे गणित

कृष्णधवल छायाचित्राला रंगांचा आधार नसतो. तेथे जे सांगायचे ते काळोख आणि उजेड यांच्या प्रमाणातूनच सांगावे लागते. हे प्रमाण कॅमेऱ्यातच कायमचे ठरते, ही समजूत मात्र खरी नव्हे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स ह्यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ ह्या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एकाच निगेटिव्हच्या आरंभीच्या प्रतींत आकाश फिकट आहे. पुढच्या काळातील प्रतींत ते जवळजवळ काळे झाले आहे. डार्करूममध्ये कागदाचा एक भाग हाताआड झाकून उजळ राखायचा, दुसऱ्यावर प्रकाश अधिक वेळ पाडून तो गडद करायचा, अशी ती कारागिरी होती.

संगणकावर हेच काम थरांनी साधते. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. चित्रावर दुसरा थर ठेवायचा आणि दोहोंचे मिश्रण कोणत्या रीतीने व्हावे ते सांगायचे. रीतींची नावे परकी वाटली, तरी आत शाळेतलेच गणित आहे. काळ्याकुट्टाला शून्य आणि शुभ्राला एक धरावे. ‘मल्टिप्लाय’ ही रीत दोन थरांतील आकड्यांचा गुणाकार करते. विटलेल्या चित्रावर त्याचीच प्रत अशी ठेवली, की ०.९ चे ०.८१ होतात आणि ०.५ चे ०.२५. उजळ भाग थोडाच उतरतो, मधला निम्म्यावर येतो, आणि पुसट झालेला चेहरा पुन्हा आकार घेतो. ‘स्क्रीन’ उजेडाऐवजी काळोखाचा गुणाकार करते; म्हणून तीत ०.५ चे ०.७५ होतात.

अ‍ॅडम्स यांच्या हातकामाला सर्वांत जवळची रीत ‘सॉफ्ट लाइट’. मध्यम करड्या रंगाचा थर ह्या रीतीने ठेवला, तर चित्रात काहीच बदलत नाही. त्या थरावर पांढरा कुंचला फिरवला की खालचा भाग उजळतो, काळा फिरवला की गडद होतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही. नवख्याचा हात येथे हमखास जड पडतो. कुंचल्याचा जोर शेकडा ५ ते १० एवढाच पुरे.

मात्र एकाला एकाने गुणले तर एकच उरतो. आजोबांच्या पागोट्याच्या दोन घड्या चित्रात ०.९५ आणि ०.९७ असतील, तर गुणाकाराने त्यांतील अंतर जवळजवळ दुप्पट होते, घडी दिसू लागते. स्कॅन करतानाच दोन्ही शुभ्र होऊन गेल्या, तर कोणतीही रीत ती घडी परत आणीत नाही. म्हणून जुने चित्र स्कॅन करताना उजेड आवरता ठेवावा; प्रथम ते जरा मळकट दिसले तरी चालेल.