आजोबांनी वाद घालणे सोडले, तेव्हा

दवाखान्यात येणारा तरुण मुलगा सहसा स्वतःचीच तक्रार घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यात मात्र वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा आपल्या आजोबांना घेऊन आला आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच म्हणाला, "डॉक्टर, आजोबा हल्ली माझ्याशी भांडतच नाहीत!"

इतक्या वर्षांच्या व्यवसायात अशी तक्रार मी प्रथमच ऐकली. म्हातारी माणसे भांडतात, हट्ट करतात, चिडतात, असे सांगणारे नातेवाईक रोज भेटतात. भांडत नाहीत म्हणून काळजीत पडलेला हा पहिलाच.

हे कुटुंब माझ्या परिचयाचे. आजोबांचे वय अठ्ठ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेच्या मैदानावर सतरंजी टाकून त्यांनी तरुणपणी कित्येक रात्री जागवलेल्या. नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. गळ्यात सदैव हेडफोन आणि प्रत्येक गायकाविषयी एक तयार मत. जेवणाच्या ताटावर या दोघांची जुगलबंदी चाले. नातू म्हणे, "भीमसेनजींचा आवाज जबरदस्त, पण त्या ताना ऐकून मलाच दम लागतो." आजोबा म्हणत, "तुला दम लागतो, कारण तू जिना चढत नाहीस." नातवाच्या मते किशोरीताई आमोणकर या साऱ्यांत सर्वाधिक आधुनिक. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज' हा त्यांच्यावरचा माहितीपट त्याने दोनदा पाहिलेला. 'सैराट'च्या गाण्यांतला वाद्यवृंद हे त्याचे दुसरे दैवत. "एवढी वाद्यं एकत्र आणायची म्हणजे मैफलीइतकीच मेहनत आहे, आजोबा," हे त्याचे म्हणणे, आणि "मेहनत हमालही करतो," हे आजोबांचे उत्तर. माहितीपटांविषयी त्याची एक कायमची कुरकुर होती: गाणे रंगात आले, की नेमके कुणीतरी मान्यवर बोलू लागतात. या एकाच मुद्द्यावर दोघांचे एकमत होते.

सर्वांत मोठा वाद कुमार गंधर्वांवरून होई. जब्बार पटेल यांचा 'हंस अकेला' हा माहितीपट पाहिल्यापासून नातवाचे मत असे झाले होते, की कुमारजी तुकड्या-तुकड्यांनी गात, ते केवळ श्वास पुरत नसे म्हणून. लोक उगाच त्यात तत्त्वज्ञान शोधतात. हे ऐकले, की आजोबा हातातला घास खाली ठेवीत. "अरे, श्वास कमी पडला, हे खरं. पण उरलेल्या श्वासात काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे फुप्फुस ठरवतं का?"

डॉक्टर म्हणून मला हा वाद फार आवडे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. कुमारजींना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला राहायला गेले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाले आणि ते वाचले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. तरीही त्यानंतर सुमारे चार दशके, १९९२ मध्ये निधन होईपर्यंत, ते गात राहिले. शरीराने घातलेली मर्यादा आणि कलावंताने तिच्यातून काढलेली वाट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

'हो'काराचा अर्थ

तर असे हे आजोबा वर्षभरात हळूहळू गप्प झाले होते. नातू काहीही बोलला, तरी हसून मान हलवीत. घरच्यांना वाटले, वयाने स्वभाव निवळला. सूनबाई मला म्हणाल्याही होत्या, "बाबा आता अगदी शांत झालेत." नातवाला मात्र ही शांतता खटकली. त्याने एक दिवस मुद्दाम परीक्षा घेतली. जेवताना तो म्हणाला, "आजोबा, खरा तंबोरा आता संग्रहालयात ठेवावा. मोबाइलवरचा तंबोराच बरा." पूर्वी या वाक्यावर ताट सरकवले गेले असते. आजोबा हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

"तेव्हाच मला कळलं, की काहीतरी चुकतंय," नातू मला सांगत होता. आजोबा शेजारी बसून माझ्याकडे पाहून मंद हसत होते.

मी तोंडासमोर कागद धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "काका, आज सकाळी काय खाल्लंत?" ते म्हणाले, "हो, हो, बरी आहे तब्येत."

वाचकहो, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर हे गृहस्थ रक्तदाब तपासायला माझ्याकडे येत होते. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांना एक गोळी अर्धी करायला सांगितली होती आणि त्यांनी अशीच मान हलवली होती. आता विचारले, तर गोळी अजून पूर्णच चालू होती. उठताना चक्कर येते, भिंत धरावी लागते, असेही नातवाकडून कळले. कागदावर मी लिहून दिले होते. पण अक्षर डॉक्टरचे, आणि 'सगळे समजले' अशी मान हलवणारा रुग्ण समोर. विश्वास ठेवण्याची चूक माझी होती. जे एका मुलाने जेवणाच्या ताटावर ओळखले, ते मला तपासणीच्या टेबलावर ओळखता आले नाही.

ऐकू येते, पण कळत नाही

दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला होता. तो काढल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून ऑडिओमेट्री करून घेतली. निदान अपेक्षित होते: वयोमानाने आलेला श्रवणदोष, दोन्ही कानांत, विशेषतः उंच पट्टीच्या ध्वनींसाठी.

हा दोष समजून घेण्यासारखा आहे. आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. त्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीची कंपने पकडून मज्जातंतूकडे पोचवतात. उंच स्वर पकडणाऱ्या पेशी सर्वप्रथम झिजतात आणि एकदा गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या कंपनसंख्येचे असतात. ते ऐकू येत राहतात. स, श, च, त, ख यांसारख्या व्यंजनांची धार मात्र उंच कंपनांत असते. ती बोथट होते. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही," किंवा "हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात." 'सात' आणि 'साठ' यांतला फरक पुसला जातो. दूरचित्रवाणी चालू असेल, चार माणसे एकदम बोलत असतील, तर उरलेसुरलेही हातचे जाते.

आजोबांना जुन्या ध्वनिमुद्रिकेतला षड्ज ऐकू येत होता, म्हणून आपला कान शाबूत आहे, अशी त्यांची खात्री होती. नातवाचे भरभर बोलणे मात्र निसटत होते. दोनदा "काय?" म्हणून विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. मग माणूस मान हलवायला शिकतो. हळूहळू बोलण्यातून, मग माणसांतून, तो उठून जातो. घरच्यांना ते वैराग्य वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन जीवनात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. उपचार न केलेला श्रवणदोष एकाकीपणा आणि नैराश्य यांना वाट करून देतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्येही आता त्याची गणना होते. याचा अर्थ कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला विस्मरण होईल, असा नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब नाही, एवढे निश्चित.

काही औषधांचाही कानावर परिणाम होतो. ज्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे असंख्य रुग्ण वाचवले, तेच काहींच्या शरीराचा तोल आणि श्रवण बिघडवू शकते. जेंटामायसिनसारखी इंजेक्शने आणि मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन यांचेही तसेच. म्हणून कानाची तक्रार सांगताना चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. मात्र मनाने कोणतेही बंद करू नये.

यंत्र कपाटात ठेवू नका

आजोबांना श्रवणयंत्रे बसवली. चौथ्या दिवशी ती कपाटात गेली. "भांड्यांचा खणखणाट होतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी फाटल्यासारखं वाटतं आणि तंबोरा पत्र्याचा वाटतो," हा त्यांचा निवाडा. यात त्यांचा दोष नव्हता. कित्येक वर्षे जे ध्वनी मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते, ते एकाएकी आले, की मेंदू गोंधळतो. सवय व्हायला काही आठवडे लागतात. प्रारंभी शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसातून दोन-तीन तास यंत्र वापरावे आणि वेळ वाढवत न्यावी. यंत्र बसवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यावे. बहुतेक यंत्रे बोलणे स्पष्ट व्हावे अशा बेताने लावलेली असतात. संगीतासाठी अनेक यंत्रांत निराळी व्यवस्था करता येते, पण ती मागावी लागते. आजोबांच्या बाबतीत ती नातवाने मागितली. पावसाळ्यात यंत्र रात्री कोरड्या डबीत, आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. त्याची चौकशी अवश्य करावी.

घरातील इतरांसाठी चार गोष्टी सांगतो. बोलताना समोर या, चेहऱ्यावर उजेड राहू द्या. ओरडू नका, ओरडल्याने शब्द अधिकच विकृत होतात. किंचित सावकाश, स्पष्ट बोला. न कळल्यास तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा. औषधाची सूचना दिल्यावर "समजलं का?" असे विचारू नका, "गोळी कशी घ्यायची ते मला सांगा" असे म्हणा. मी हे आता प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला विचारतो. कानात काडी, केसपिन किंवा गरम तेल घालू नका. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत, ऐकू येणे बंद झाले, तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठा. त्या उपचारात उशीर झाल्यास श्रवण परत मिळणे कठीण होते.

नातवालाही मी मोकळे सोडले नाही. त्याच्या हेडफोनमधले गाणे मला माझ्या खुर्चीवरून ऐकू येत होते. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. साधा नियम असा: आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मध्ये मध्ये कानांना विसावा द्यावा. मिरवणुकीतील ढोल-ताशांनंतर वा ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती इजेची सूचना समजावी. "भिन्न षड्ज पन्नाशीतही ऐकायचा असेल, तर आज आवाज कमी कर," एवढेच त्याला म्हणालो.

मतभेदाचे आरोग्य

आपल्या तरुणपणी, साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी स्मृतीत सर्वांत खोल रुजतात. म्हणून आजोबांना भीमसेन आणि नातवाला अजय-अतुल प्रिय असणे स्वाभाविकच आहे. अमेरिकन गायक टोनी बेनेट यांना २०१६ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, ते साठ वर्षांनी लहान असलेल्या लेडी गागाबरोबर न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गायले. दैनंदिन गोष्टी विसरणाऱ्या या कलावंताला गाणी आठवत होती. संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. पण बाकीचे दरवाजे बंद होऊ लागले, तरी हा एक पुष्कळ काळ किलकिला राहतो.

तरुण मुलांची मते उथळ वाटतात, अर्धवट वाटतात. त्यांनी एखादा माहितीपट पाहिलेला असतो आणि ते निकाल देऊन मोकळे होतात. परंतु ते मत आपल्यासमोर मांडतात, याचाच अर्थ त्यांना आपले उत्तर हवे असते. ज्येष्ठांनी ते जरूर द्यावे. आणि घरातले ज्येष्ठ उत्तर देईनासे झाले, तर तो शहाणपणा आहे की कानांचा दोष, की मनाची उदासी, हे घरच्यांनी तपासून पाहावे.

दिवाळीनंतर आजोबा रक्तदाब तपासायला आले. गोळी अर्धी, चक्कर बंद, कानांत यंत्रे. मी नातवाची चौकशी केली. ते लगेच पुढे सरकून बसले. "त्याला काही कळत नाही हो, डॉक्टर! काल मला म्हणाला, कुमारजींचं..." पुढची दहा मिनिटे माझे बाकीचे रुग्ण बाहेर खोळंबले. दाराशी उभा असलेला नातू मात्र काही न बोलता हसत होता.