शॅम्पेनवाल्या नारायणगावची दुसरी नशा

वाईन आणि कला हे कॉम्बिनेशन आता आपल्याला नवीन नाही. नाशिकच्या सुलाने 2008 मध्ये 'सुलाफेस्ट' सुरू केला आणि द्राक्षमळ्यातल्या खुल्या थिएटरमध्ये, हातात ग्लास घेऊन बँड ऐकणं हा आपल्या पिढीचा हक्काचा वीकएंड झाला. राजीव सामंत यांनी आपल्या आईच्या, सुलभाच्या नावावरून ब्रँडला 'सुला' म्हटलं. घरची जमीन, आईचं नाव आणि वर म्युझिक फेस्टिव्हल! एकदम कूल पॅकेज.

पण पुणेकरांनो, वाईनचा हा सगळा माहोल आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावात, त्याच्या दीड-दोन दशकं आधीच येऊन गेला होता. आणि त्याच गावात कलेला पोसणारी एक वेगळीच पद्धत आहे. तिला ना कॉर्पोरेट स्पॉन्सर लागतो, ना व्हीआयपी पास.

चौगुल्यांची बाटली

1980 च्या दशकात वाईनला 'द्राक्षाची दारू' म्हणून नाक मुरडलं जायचं. त्या काळात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ चक्क फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग वाईन करायचं मनावर घेतलं. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकचं तांत्रिक साहाय्य घेतलं. या पद्धतीत वाईन बाटलीत भरल्यावर आतच पुन्हा आंबते आणि त्यातून ते नाजूक बुडबुडे तयार होतात. वेळखाऊ आणि महागडं काम. फ्रान्सच्या शॅम्पेन भागाबाहेर केली म्हणून तिला 'शॅम्पेन' म्हणता येत नव्हतं, इतकंच.

या बाटलीला परदेशात नाव मिळालं ते 'ओमर खय्याम' हे. रुबायांचा तो फारसी कवी! म्हणजे भारतातली पहिली नामवंत वाईन कवीच्याच नावाने जगभर गेली. मला तर यातच वाईन आणि कलेचं नातं दिसतं. पुढे शॅटो इंडाज हे नाव मोठं झालं. मुलगा रणजितही धंद्यात आला. 2001 मध्ये राज्य सरकारने वाईन उद्योगासाठी खास धोरण आणलं आणि सगळीकडे वाईनच्या द्राक्षांचे मळे दिसू लागले.

मग कंपनीने परदेशात खरेदी सुरू केली. नेमकी 2008 ची जागतिक मंदी आली. कर्ज डोईजड झालं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी गुंडाळायची वेळ आली. त्या मंदीत राज्यभरच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. वायनरीने नाही घेतली तर ती बाजारात कोण खाणार?

दोन हजार वर्षांपूर्वीचे स्पॉन्सर

जुन्नरला मात्र असे चढउतार नवे नाहीत. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाटातून वर चढून इथे यायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला पसंती असल्याची नोंदही आहे. राजासाठी येणाऱ्या खास वस्तूंत तर उंची वाईन आणि गाणारी मुलं एकाच यादीत आहेत!

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. त्यांतल्या शिलालेखांत इरिल, चिट, चंद अशा 'यवन' दात्यांची नावं आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्खूंसाठी भोजनमंडप. परदेशी माणूस इथे येतो आणि आपलं नाव इथल्या दगडात ठेवून जातो. आजच्या भाषेत स्पॉन्सरच की! ज्या व्यापाराने हा पैसा आला तो थांबला, पण टाकी आणि मंडप आहेत तिथेच आहेत.

राहुट्यांचा बाजार

आता दुसऱ्या नशेकडे येऊ. नारायणगावला 'तमाशापंढरी' म्हणतात. होळी-पाडव्याच्या दिवसांत इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. आर्टिस्ट बुकिंगचं याहून पारदर्शक ऑफिस मी तरी पाहिलेलं नाही.

इथलंच मोठं नाव म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात वाढलेल्या. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. ऐन कार्यक्रमात कळा आल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते. 2002 मध्ये त्या गेल्या. शेवटच्या आजारपणात उपचारांसाठी पैशांची ओढाताण झाली. आता त्यांच्याच नावाने राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. घराण्याचा वारसा म्हणायचा तर हा!

वर्गणीचं गणित

जुन्नर-आंबेगावच्या जत्रा चैत्र-वैशाखातल्या. द्राक्षं तोडून झालेली असतात, हातात चार पैसे असतात. गाव घरटी वर्गणी काढतं. दिवसा बैलगाडा शर्यत, रात्री गण-गवळण-वग, दुसऱ्या दिवशी हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा. इथे प्रेक्षकच मालक असतो. म्हणूनच 'वन्स मोअर'चा हक्कही त्याचा.

पण फार गोड चित्र रंगवायला नको. मोठा फड म्हणजे शंभरावर माणसं, ट्रक, जनरेटर, दोन वेळचं जेवण. दसऱ्याला सीझन सुरू होताना कलाकारांना उचल द्यायची, म्हणजे फडमालकाने आधी कर्ज काढायचं. ते फिटतं जत्रांच्या सुपाऱ्यांवर. 2020 आणि 2021 मध्ये कोविडमुळे जत्रा बंद झाल्या आणि नेमका हाच पैसा आटला. दोन सीझन राहुट्या सुन्या पडल्या की किती घरांची चूल विझते, याचा हिशेब करून बघा.

तरीही फड पुन्हा बाहेर पडले, कारण त्यांचा आश्रयदाता एक नाही, शेकडो गावं आहेत. एखाद्या गावाने या वर्षी सुपारी दिली नाही तर दुसरं गाव देतं. इस्टेटीचा आश्रय तिच्या ताळेबंदाइतकाच टिकतो. वाईन कंपन्यांनी कलेसाठी जरूर खर्च करावा, आम्ही टाळ्या वाजवायला येऊच. पण जुन्नरच्या मातीने शिकवलेली गोष्ट साधी आहे: कला टिकवायची तर थोडे थोडे पैसे पुष्कळ खिशांतून यावे लागतात. त्यातला एक खिसा आपलाही असायला काय हरकत आहे?

जायचंय?
पुण्याहून नारायणगाव साधारण 75 ते 80 किलोमीटर. सकाळी लेण्याद्री किंवा शिवनेरी, दुपारी नारायणगावच्या राहुट्या, रात्री जवळच्या एखाद्या गावची जत्रा. तंबूतला खेळ असेल तर तिकीट काढून बघा, फुकट पास मागू नका. मोबाइलवर शूटिंग करण्याआधी विचारा. आणि वग संपेपर्यंत उठू नका, खरी मजा तिथेच असते!