धुऱ्यावरचा कच्चा रंग

फाल्गुनात यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघालं की शेतं उघडीबोडकी दिसतात. कापसाची फरदडही वेचून झालेली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली. त्या रखरखाटात डोळ्यांत भरतो तो पळस, वऱ्हाडी बोलीत पयस. टिपेश्वरच्या जंगलात, घाटंजी-झरीकडच्या माळांवर, कोलाम आदिवासींच्या पोडांभोवती, म्हणजे वस्त्यांभोवती, तो कुणी न लावताच येतो. जमीन हलकी असो की खारवट, त्याची तक्रार नसते.

पानं गळाल्यावर फांद्या फुलांनी लगडतात. फुलाचा खालचा पेला काळपट, मखमली; त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी बाहेर येते. वास नाही, पण मध भरपूर, म्हणून मैना आणि शिंजीर सकाळपासून झाडावर असतात. हीच फुलं सावलीत वाळवून पाण्यात उकळली की पिवळा रंग उतरतो. चिमूटभर चुना पडला तर तोच नारिंगीकडे झुकतो.

कापसाच्या जिल्ह्यात, कापसाच्याच धुऱ्यावर रंगाचं झाड. जोडी जमायला हवी होती, पण सुती धागा या रंगाला सहजी धरत नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग तुरटीत घालायचं, तेव्हा कुठे तो बसतो. तरी उन्हात विटतोच. रेशमावर आणि लोकरीवर त्याची पकड बरी. १८५६ साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा काढला आणि पुढे डांबरातून निघालेल्या स्वस्त रंगांनी बाजार भरला. पक्क्या निळीचाही तिथे टिकाव लागला नाही, मग पळसासारख्या कच्च्या रंगाचा काय लागणार!

झाडाची किंमत त्यामुळे इतर गोष्टींनी ठरली. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, फांद्यांवर लाख, खोडाचा लाल गोंद, मुळांच्या सालीचे दोर, जंतांवर पळसपापडी. फुलं आपली झाडाखाली पडून राहायची.

अपवाद धुळवडीचा. आदल्या रात्री फुलं कढत पाण्यात भिजत घालायची, सकाळी चुरून गाळायची आणि बादली अंगणात ठेवायची. कापडासाठी जो दोष, तोच इथे सोयीचा: रंग खेळून झाल्यावर अंग घासत बसावं लागत नाही आणि सदराही दोन-चार धुण्यांत पांढऱ्यावर येतो.