नागद्वारी यात्रा आणि स्थलदर्शक नकाशा



नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून व आपल्या परिसरातून असंख्य मराठी भाविक पचमढीनजीकच्या नागद्वारीस पायी जातात. हा मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यातून जात असून वर्षातील मोजकेच दिवस खुला असतो. ‘अंतर किती?’ असे प्रत्येक जण विचारतो. परंतु डोंगरात अंतराइतकाच चढही विचारात घ्यावा लागतो. तो घरबसल्या जाणण्याचे साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा, अर्थात टोपोशीट.

१:५०,००० प्रमाणाच्या या नकाशावरील एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. त्यावरील तपकिरी समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. लगतच्या दोन रेषांत सामान्यतः २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा विरळ तेथे चढ सौम्य, दाट तेथे चढ खडा.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईस आणखी एक तास धरावा. नकाशावर ४ सेंटीमीटर वाट १५ रेषा ओलांडून चढत असेल, तर २ किलोमीटरांस २४ मिनिटे व ३०० मीटर चढाईस ३० मिनिटे लागतात. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. वृद्ध, बालके, पाऊस व गर्दी यांसाठी वेळ वाढवूनच धरावा.

सर्वांत महत्त्वाची बाब ओढ्यांची. बारमाही पाणी निळ्या रंगात, तर कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघांनी दाखवितात. आपली यात्रा ऐन पावसाळ्यात असते. तेव्हा हीच काळी रेघ दुथडी भरून वाहू शकते. म्हणून वाट अशा किती रेघा ओलांडते, हे आधी मोजावे. पाणी चढलेले दिसल्यास थांबावे, प्रवाहात उतरू नये.

जुन्या क्रमांकपद्धतीत पचमढी ५५ जे या पत्रकसमूहात, तर आपली कटंगी ५५ ओ मध्ये येते. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ही पत्रके मिळविता येतात. या देशव्यापी मोजणीचा आरंभ १८०२ मध्ये करणारे विल्यम लँब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे काम सुरू असतानाच निवर्तले. अशा परिश्रमांतून सिद्ध झालेल्या नकाशाचा लाभ प्रत्येक जथ्याने अवश्य घ्यावा, ही नम्र विनंती.

आपला विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळ, कटंगी