उभ्या देवाकडचा विसावा

आषाढी यात्रा जवळ आली की पंढरपूरच्या मंदिरात विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढतात. त्या दिवसापासून देवाची निद्रा बंद. पाठीशी मऊ लोड लावून तो अहोरात्र दर्शनाला उभा राहतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि पलंग पुन्हा मांडला जातो. ज्याच्या पायाशी लाखो माणसे विसावा शोधतात, तो देवही दमतो, अशी या रिवाजामागची श्रद्धा आहे. वारकरी भक्तीत देव हे विश्रांतीचे ठिकाण कोणत्या अर्थाने आहे, ते या श्रद्धेतूनच नीट उलगडते.

वैकुंठ, मोक्ष असे भारदस्त शब्द हाताशी असताना संतांनी पंढरीला माहेर म्हटले. माहेरी लेकीला काम नसते असे नाही, पण तिथे तिला स्वतःची लायकी सिद्ध करावी लागत नाही. आळंदीहून सुमारे २५० किलोमीटर चालून आलेल्या वारकऱ्याचे पाय सुजलेले असतात. नुसत्या देहाच्या आरामासाठी घरच बरे. त्याला मिळतो तो मनाचा विसावा: मानपान, हिशेब, धाक यांचे ओझे काही काळ खाली ठेवता येते. लेक येणार म्हटले की आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पलंग निघतो तो याच मायेपोटी.

हा तर संसारातून पळ झाला, असा आक्षेप घेतला जातो. पण माहेरपण संपते आणि लेक सासरी परतते. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा येणे, आणि पुन्हा यायचे तर आधी परत जावे लागते. या पंथाने संन्यासाची अट घातली नाही. संत गोरोबा तेर गावी मडकी घडवत राहिले. सावता माळ्यांना तर अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, अशी परंपरा सांगते. विसावा कामाच्या आड आला नाही; त्याने कामाला बळ दिले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे माहेर सगळ्यांचे कुठे होते? अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर आहे. दलितांसाठी ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ही गोष्ट झाकून माहेराचे गोडवे गाणे खोटेपणाचे ठरेल. मात्र चोखोबांनी अन्यायाचे गाऱ्हाणे मांडले ते विठ्ठलापुढेच. दार माणसांनी लावले होते. आपला हक्क देवाशी आहे, हे त्यांनी सोडले नाही. जो देव सर्वांसाठी झोप मोडतो, त्याच्या उंबऱ्यावर कुणाला अडवणे म्हणजे त्याचे ते जागरणच नाकारणे होय. म्हणून या विसाव्यावर हक्क सांगणाऱ्याने दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवायला हवे, आणि त्यासाठी थोडा शीण सोसायलाही हवा.