रुतलेलें जहाज

२३ मार्च २०२१ रोजीं सुएझच्या कालव्यांत 'एव्हर गिव्हन' हें सुमारें ४०० मीटर लांबीचें मालवाहू जहाज आडवें होऊन कांठाच्या वाळूंत रुतलें. त्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. जहाज कालव्याच्या रुंदीहून लांब. म्हणून वाट बंद पडून शेंकडों जहाजें खोळंबलीं.

तें निघालें कसें? गाळ उपसणाऱ्या यंत्रानें पुढच्या टोंकाभोंवतींची सुमारें ३०,००० घनमीटर वाळू काढिली. टगबोटी दोर लावून ओढीत व रेटीत राहिल्या. २८ तारखेस पौर्णिमा होती. उधाणाच्या भरतीनें पाणी चढलें, जहाजास उचल मिळाली, आणि २९ मार्चला तें मोकळें झालें.

भरती आणणें मनुष्याच्या हातीं नाहीं. ती येईपर्यंत वाळू उपसणें मात्र आहे. विद्यार्थिमित्रहो, आम्हांस हाच बोध वाटतो.